डाव्या मांडीवरचं सूत

माझ्या धाकट्या जावेच्या दुखण्याला नाव होतं. माझ्या दुखण्याला नव्हतं. एवढ्यावरून मी दहा-बारा वर्षं तिचा हेवा केला. आता लिहायला बसलेच आहे तर खोटं कशाला लिहू, तो अजूनही पुरता गेलेला नाही.

आमचं घर कोष्टीपुऱ्यातलं. घरात खड्ड्यातले दोन माग होते. एकावर हे, म्हणजे माझे यजमान बसायचे आणि दुसऱ्यावर माझे दीर. सासरे ताणा लावायचे आणि व्यापाऱ्याशी बोलायचे. आम्हा बायकांकडे कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, सूत काढायचं काम. नाकाडोंगरीच्या जंगलाकडचे ढिवर लोक पोत्यांत कोसे भरून आणायचे, ते आम्ही राखेच्या पाण्यात उकळायचो. मग बाई जमिनीवर बसते, उजवा पाय मुडपून अंगाखाली घेते, लुगडं वर खोचून डावी मांडी उघडी करते. पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, उजव्या तळहाताने त्या मांडीवर वळायचे आणि डाव्या हातातल्या लाकडी चौकटीवर गुंडाळत जायचं. मांडी उघडी, म्हणून त्या खोलीत कुणी पुरुष खाकरल्याशिवाय पाय टाकत नसे.

मी आठव्या वर्षापासून माहेरी हेच करत आले होते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझं सूत दोन बोटांत धरून पाहिलं आणि मला खिडकीजवळची जागा दिली. त्या घरात दागिने कुणालाच मिळाले नाहीत, मला ती जागा मिळाली. तिथे उजेड चांगला होता आणि वारा यायचा. करवतकाठी लुगड्याचा बाणा, म्हणजे आडवा धागा, मुख्यतः त्या जागेवर बसणारीच्या सुताचा असायचा. कमी पडलं तरच दुसरीचं सूत त्यात मिळवायचं. म्हणजे कापडात मी जास्त आणि बाकीच्या कमी. मला याचा फार गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

दुखणं सुरू झालं ते दुसऱ्या बाळंतपणानंतर, मुलगी चालायला लागली त्या सुमाराला. ओटीपोटात, डावीकडे, अगदी खाली, मांडी पोटाला मिळते त्याच्या आतल्या अंगाला. ओल्या धोतराला पीळ द्यावा तसं आत काहीतरी पिळत जायचं. आठ-आठ दिवस मुळीच नसायचं, आणि एकदा आलं की पंधरा दिवस हलायचं नाही. पाळीच्या आधी वाढायचं, पण पाळी संपली म्हणून थांबायचं असंही नाही. लघवीला बसलं की दुखायचं, उठलं की दुखायचं. यांच्याजवळ जाणं नको वाटायचं आणि तेवढी गोष्ट मात्र मी कुणाला सांगू शकत नव्हते. यांना वाटलं, ही रुसली. मग तेही रुसले.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काही नाई, होते असं बायकायले." गरम विटेचा शेक घे म्हणाल्या. मी शेक घेतला. हिंग घेतला, ओवा घेतला. पुढे जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, रक्त पाहिलं, लघवी पाहिली, पोटाचा फोटो काढला. माणूस चांगला होता. हसून म्हणाला, बाई, काही निघालं नाही, आनंदाची गोष्ट आहे. मला कसला आनंद होणार? सहा तास बसून कोसा काढणारी मी, बसस्टॅंडवरच्या बाकावर बसता येत नव्हतं म्हणून उभी राहून परत आले.

फोटोत काही नाही हे घरी कळलं आणि माझी बाजूच लंगडी झाली. त्याआधी मी आजारी होते, त्यानंतर मी कुरकुरी झाले. मग माझे मीच उपाय शोधायला लागले. सानगडीच्या बाजारात एक वैद्य बसायचा, त्याने नाडी धरून वात म्हटलं आणि आंबट बंद केलं. दीड वर्ष मी चिंच, कैरी, ताक याला शिवले नाही. अंबाडीची भाजी ताटात आली की दुसऱ्यांच्या बोटांकडे बघत बसायची. एका बाईने बेंबी सरकली म्हणून सांगितलं आणि पोटावर दिवा ठेवून वर लोटा उलटा घातला. लोटा पोटाला चिकटला, ओढून काढला तेव्हा लाल वर्तुळ उमटलं. ते वर्तुळ आठ दिवस होतं. ते असेपर्यंत मला फार बरं वाटलं, कारण दाखवायला काहीतरी होतं. वर्तुळ पुसलं आणि मी परत होते तिथे.

अशात धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली. दिसायला साधी, बोलायला कमी, कामाला चांगली. तिच्यावर चिडावं असं तिने काहीच केलं नाही आणि मला तेही आवडलं नाही. लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हा एका सकाळी ती चुलीपुढे बसल्या बसल्या आडवी झाली आणि गडबडा लोळायला लागली. घामाने अंग भिजलं, उलट्या झाल्या. दिरांनी आणि यांनी तिला उचलून बैलगाडीत घातलं. जिल्ह्याच्या त्याच दवाखान्यात तिचाही पोटाचा फोटो निघाला, आणि तिच्या फोटोत कमरेच्या वर एक पांढरा ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. मुतखडा.

त्या ठिपक्याने आमचं घर हलवलं. सासरे, जे सुनांशी थेट कधी बोलत नसत, ते दाराबाहेर उभे राहून विचारायचे, खडा उतरला काय. तिच्यासाठी रोज कुळथाचं पाणी उकळायचं, आणि ते उकळायची मी. दिरांनी लिंबं आणली, नारळ आणले. ज्याने माझ्यासाठी कधी हिंगाची पुडी आणली नाही त्या माझ्या नवऱ्याने बाजारातून चांगले कुळीथ निवडून आणले, वर मला सांगितलं की धाकटीला आज बसवू नकोस. शेजारच्या बाया बघायला यायच्या तेव्हा सासूबाई तो काळा फोटो खिडकीत धरून ठिपका दाखवायच्या. मोतीबिंदूने त्यांना स्वतःला तो ठिपका दिसत नसे, पण बोट बरोबर त्याच्यावर ठेवायच्या. इतक्यांदा दाखवला होता. मी आत बसून सूत काढत असायची. माझं त्या दिवशी दुखत असो नसो, मला वाटायचं, उठावं आणि म्हणावं, मलाही धरा कुणीतरी खिडकीत.

एकदा म्हटलंच. अगदी तसं नाही, पण म्हटलं की माझंही चार वर्षं दुखतं आहे. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की तुझ्या पोटात काय दुखते ते मले ठाऊक हाये. बाया हसल्या. जाऊ हसली नाही. ती आडवी होती, तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं दयेचं वाटलं आणि मी ते तिच्या खात्यात कायमचं लावून ठेवलं.

तीन आठवड्यांनी खडा पडला. काटेरी, तपकिरी, एवढासा. जावेने तो धुऊन कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवला. पुढे वर्षभर ती डबी या हातातून त्या हातात फिरली. तिचं दुखणं आलं, नाव सांगून गेलं, आणि जाताना डबीत निशाणी ठेवून गेलं. तिचं सगळंच कसं नीटनेटकं. माझं तेवढं बेवारस.

आंबागडच्या बाईचं मला एका कासारणीने सांगितलं. किल्ल्याच्या पायथ्याशी राहते, बाळंतपणं करते, बायकांची अंगं चोळते, मंत्रतंत्र काही करत नाही. मी पोळ्याला माहेरी जायची होते, तिथून आंबागड जवळ पडतं. जाण्याच्या आदल्या दिवशी मी जावेच्या ट्रंकेमागून तिचा तो फोटो काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माझ्या पिशवीच्या तळाशी घातला. कशासाठी, तर रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटत होती. दवाखान्यात, वैद्याकडे, सगळीकडे मी रिकाम्या हाताने गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. या वेळी माझ्याकडे ठिपका होता. तो माझा नाही, हे तिथे कुणाला कळणार होतं?

बाई म्हातारी होती, हाडापेराने मजबूत. अंगणात मोहाच्या बिया वाळत घातल्या होत्या. मी माझं सगळं सांगितलं आणि फोटो पुढे केला. तिने तो उन्हाकडे धरला, उलटा धरला, परत सुलटा केला.

"हे कोनाचं पोट?" तिने विचारलं.

"माझंच."

"खडा असता त तू चालत आली नसती बाई, लोळत आली असती. ठेव ते तिकडं. घरी दिवसभर काय करते?"

कोसा काढते म्हटलं. तशी बस म्हणाली. मी तिच्या ओसरीवर घरी बसते तशी बसले. उजवा पाय अंगाखाली, डावी मांडी उघडी. तिने आधी मांडी पाहिली. एवढ्या वर्षांच्या घासण्याने तिथली कातडी गुळगुळीत, काळसर झाली होती, आमच्यात सगळ्याच बायकांची होते. मग ती माझ्या मागे गेली आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर तिने आपले दोन हात ठेवले. बराच वेळ तशीच राहिली. तिचा डावा हात खाली होता आणि उजवा वर, हे मला न बघताही कळलं. मग तिने पुढून, जांघेच्या आतल्या बाजूला, अंगठ्याने एकाच ठिकाणी दाबलं आणि मी ओरडले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाचं बोट बरोबर तिथे पडलं होतं. मी रडायला लागले. दुखलं म्हणून नाही.

"तुह्या कमरीले दोन अंगं हायेत," ती म्हणाली. "तू एकावरच जगून राहिली. मांडी बदल. सहा महिने उजव्या मांडीवर काढ, अन हे तेल चोळ."

मी विचारलं, याले काय म्हणतेत? मला नाव पाहिजे होतं. घरी जाऊन सांगायला, खिडकीत धरायला.

"म्हनतेत काय?" ती म्हणाली. "दुखनं म्हनतेत."

मोहाच्या तेलाची बाटली घेऊन मी परत आले. फोटो गुपचूप ट्रंकेमागे ठेवून दिला. आणि दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ बसताना मी डावा पाय अंगाखाली घेतला आणि उजवी मांडी उघडी केली. जन्मभर उजव्या हाताने वळलेलं सूत डाव्या हाताने वळायचं म्हणजे काय असतं ते केल्याशिवाय कळायचं नाही. पहिले आठ दिवस नुसत्या गाठी. मी त्या लपवून चुलीत टाकल्या. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे मी कोणत्या मांडीवर बसले ते दिसत नव्हतं. जावेला दिसत होतं. तिने एकदा विचारलं की बाई, तुम्ही काहून पलटून बसल्या. मी म्हटलं, तुला काय करायचं. तिने सासूबाईंना सांगितलं नाही. मी त्याबद्दलही तिचे उपकार मानले नाहीत. उलट मनात म्हटलं, बघा, साळसूदपणा बघा.

महिन्याभरात हात बसला. दीड महिन्यात दुखणं उतरायला लागलं. तेलाने उतरलं की मांडी बदलल्याने, की दोन्ही नव्हे आणि आपोआपच, मला आजही सांगता येणार नाही. पण एक दिवस मी विहिरीवरून घागर घेऊन आले, ओट्यावर ठेवली, आणि लक्षात आलं की आज सकाळपासून मला माझ्या पोटाची आठवण झाली नाही. मी यांच्याशी हसून बोलले. हे बिचारे दचकले.

पुढचं मला कळायला पाहिजे होतं. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या बाईला कळायला पाहिजे होतं. डाव्या मांडीवर वळलेल्या सुताला एका बाजूचा पीळ असतो आणि उजव्या मांडीवरच्याला उलट्या बाजूचा. हातात धरून कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. पण दोन्ही एका बाण्यात गेली की कापड तिरपं धरल्यावर एक पट्टा वेगळाच चमकतो. आमच्या गावात कुणी बाई उजव्या मांडीवर काढतच नसे, म्हणून हा पट्टा कुणी पाहिला नव्हता. माझं सूत कमी पडलं तिथे जावेचं लागलं होतं. व्यापाऱ्याने लुगडं दाराशी तिरपं धरलं आणि परत केलं.

सासऱ्यांनी लुगडं आणून खाटेवर टाकलं. कुणाला काही समजेना. यांना वाटलं रंग चुकला, दिरांना वाटलं कोसाच दोन जातींचा आला. सासूबाईंनी माझ्या चौकटीवरचं सूत मागितलं, मग जावेचं मागितलं. दोन्ही धागे दोन हातांत घेऊन त्यांनी बोटांनी उलगडून पाहिले, डोळे मिटून.

"मोठीचं उलटं हाये," त्या म्हणाल्या.

मी कबूल केलं. आंबागडचं सांगितलं नाही, फोटोचं तर नाहीच. एवढंच म्हटलं की डाव्या बाजूला बसवत नाही. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, कापडाले एक वळ पाहिजे, तुमी दोघी काय ते ठरवा.

तुमी दोघी. तो क्षण मला लख्ख आठवतो. जाऊ दाराशी उभी होती, हातात कोशांचं भांडं होतं, आणि ती माझ्याकडे पाहत होती. उपाय तर समोर होता. दोघींनी मांडी बदलली की सगळं सूत एकाच पिळाचं, पट्टा पडायचं कारणच नाही. मला फक्त तिला म्हणायचं होतं, तूही बदल, माझ्यासाठी महिनाभर गाठी काढ. एवढं वाक्य. पण ते म्हणायचं तर आधी माझं दुखणं तिच्यापुढे ठेवावं लागलं असतं. डबीत खडा असलेल्या बाईपुढे मी माझं बिननावाचं दुखणं पदर पसरून ठेवायचं? मी म्हटलं, मी कांड्या भरते, धाकटीला खिडकीजवळ बसू द्या.

कांड्या भरणं, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, हे पोरीसोरींचं काम. मी मागल्या अंगाला बसून चरख्यावर कांड्या भरायला लागले, आणि त्या कांड्यांवर तिचं सूत. दुखत नव्हतं. मी सरळ बसू शकत होते, वाकू शकत होते, झोपू शकत होते. आणि माझी एक घटका सुखात गेली नाही. खिडकीतून तिच्या पाठीवर पडणारं ऊन मला इथून दिसायचं. माझं ऊन. मी मनातल्या मनात तिचं सूत तोडायची. पण ते तुटत नव्हतं, चांगलं होतं, माझ्या बोटांना ते माझ्याआधी कळलं. एके दुपारी मागावरून हे ओरडून दिराला म्हणाले, धाकटीच्या सुताले तूट नाई. एवढंच. सहज म्हटलं. मी हातातली कांडी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले आणि जावेला म्हटलं की मला आता बरं आहे, ऊठ. ती लगेच उठली. उठताना पदराने जागा पुसली. मी बसले, उजवा पाय अंगाखाली घेतला, डावी मांडी उघडी केली. बाईने सहा महिने सांगितले होते, माझे चारसुद्धा भरले नव्हते. संक्रांत आली तोवर दुखणं परत आलेलं होतं, आपल्या जागी, जराही न चुकता.

मी कुणाला बोलले नाही. कुरकुर बंद केली. घरच्यांना वाटलं ही सुधारली. नऊ-दहा वर्षं मी त्या खिडकीजवळ बसून करवतकाठीचा बाणा काढला. आंबागडची बाई वारली असं कासारणीने सांगितलं. सासूबाई गेल्या, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन शेवटपर्यंत राहूनच गेलं. मुलगी मोठी झाली. तिला मी कोसा काढायला शिकवलं नाही, शाळेत घातलं, आणि काहून शिकवत नाही असं कुणी विचारलं की भांडायला उठायची. आता खोलीत आम्ही दोघी जावाच उरलो होतो. आम्ही बोलायचो, भाजीबद्दल, पोरांबद्दल. ती मला बाई म्हणायची आणि माझ्या आधी कधी जेवली नाही.

एका दुपारी तिने चौकट खाली ठेवली आणि हात डाव्या जांघेत दाबून धरला.

"बाई, माह्या इथं दुखून राहिलं," ती म्हणाली. "दोन महिने झाले. खड्यासारखं नाई. आतून पिळल्यासारखं."

तिचं बोट जिथे होतं ती जागा मी डोळे मिटून दाखवली असती. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, हेही घेतलं. जागा घेतलीस, सुताचं कौतुक घेतलंस, आता माझ्याजवळ हे एकच माझं असं होतं, त्यातही वाटेकरीण झालीस. इतकी वर्षं जे दुखणं मला नको होतं ते दुसरीला झालं म्हणून माझा जळफळाट झाला. आणि मी तिला म्हटलं, "काही नाई, होते असं बायकायले."

तिने मान हलवली आणि चौकट उचलली. माझ्यावर विश्वास ठेवला. मी सासूबाईंच्या त्याच शब्दांवर चार वर्षं चरफडले होते, हिने ते गिळून घेतले कारण मी म्हटले होते. एकवीस दिवस ती माझ्या समोर बसून डाव्या मांडीवर सूत काढत राहिली. मी दिवस मोजले. मधे एकदा ती विहिरीवरून येताना दाराची चौकट धरून थांबली, मीही तशीच थांबायची. बाविसाव्या दिवशी तिने सकाळी बसायला पाय मुडपला, तोंड वाकडं केलं आणि आवाज केला नाही. मी जे करत असे तेच.

"त्या मांडीवर नको बसू," मी म्हटलं. "उजवी घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कसं माहीत?"

"मले तेच हाये. गेलं होतं, मीच परत आनलं."

"काहून?"

"तू बसली होती माह्या जागी."

मला वाटलं रागावेल, रडेल, काहीतरी करेल. तिने हातातले कोसे भांड्यात ठेवले. मग म्हणाली, "तवा माह्या फोटोले मोहाच्या तेलाचा वास येऊन राहिला होता. तुमी दुखन्यासाठी कुठंतरी जाऊन आल्या ते मले समजलं होतं. लुगडं परत आलं त्या दिवशी मी दाराशी उभी होती ना, मी वाट पाहून राहिली होती. तुमी म्हटलं असतं त मीबी मांडी बदलली असती. तवाच."

आम्ही दोघींनी त्याच सकाळी पाय बदलले. माझा डावा हात विसरला नव्हता. तिच्या गाठी मी सोडवून दिल्या, ज्या सुटल्या नाहीत त्या दोघींनी मिळून चुलीत टाकल्या. यांना आणि दिरांना सांगून टाकलं की या घरचं सूत आता उजव्या मांडीचं. ते बरं म्हणाले. त्यांना काय, पीळ एक असला म्हणजे झालं. पुढचं लुगडं व्यापाऱ्याने दाराशी तिरपं धरलं, सरळ धरलं आणि घडी घालून ठेवून घेतलं.

जावेचं दुखणं दीड महिन्यात थांबलं आणि परत आलं नाही. तिच्या दुखण्याला तीनच महिने झाले होते. माझं कमी झालं, पण गेलं नाही, आज हे लिहितानाही मी उजव्या कुशीला टेकून बसले आहे. मघाशी ती चहा घेऊन आली आणि मांडी घालून सरळ बसली, अर्धा तास बसली, एकदाही कूस बदलली नाही. मी मोजलं.